इंजेक्शनशिवाय बॉडी: किती बनते आणि किती वर्षांत बनते

पंचविसाव्या वर्षी कराडमधल्या एका जिममध्ये नाव घातलं तेव्हा माझी उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 58 किलो होतं. पैसे घेणाऱ्याने विचारलं, "काय पाहिजे?" मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. तो म्हणाला, "सहा महिने. मन लावून केलं तर पाच."

त्या सहा महिन्यांपायी माझी दोन वर्षं गेली. सहा महिन्यांनी आरशात काही दिसेना, म्हणून वेळापत्रक बदललं. मग जिम बदलली. मग पगारातला मोठा हिस्सा प्रोटीनच्या डब्यांवर घातला. दोनदा सगळं सोडूनही दिलं. सत्ताविसाव्या वर्षी नव्याने, वही घेऊन सुरुवात केली आणि तिथून पुढची सात वर्षं नीट गेली. आज वजन 67 किलो आहे आणि कंबर सुरुवातीपेक्षा एक इंच कमी आहे. मला जे आकडे दोन वर्षं उशिरा कळले, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळावेत म्हणून हे लिहितो आहे. अनुभव पुरुषाचा आहे. बायकांसाठी आकडा वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवातीला काय काय लागेल

- शंभर पानी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण माझ्याकडे टिकली ती वहीच.
- शिंप्याकडे असते तसली कापडी मोजपट्टी.
- वजनकाटा. घरात नसेल तर जिममधला, पण दर वेळी तोच एक.
- स्वयंपाकघरातला छोटा काटा. निदान पहिले दोन महिने.
- रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी), कोलेस्टेरॉल, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बी-12 आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी असाल तर बी-12 सोडू नका. कमतरता असली की थकवा येतो आणि आपण उगाच व्यायामाला दोष देत बसतो.
- वय चाळिशीकडे झुकलेलं असेल किंवा रक्तदाब, साखर, हर्निया, मणक्याचा त्रास यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांचा होकार.

1. आपण कुठून निघतोय ते बघा

मी स्वतःला "बारीक" समजत होतो. बारीक माणसाने भरपूर खायचं, असं सगळे सांगत होते, म्हणून मी खात सुटलो. चार महिन्यांत पाच किलो वाढलं आणि जवळजवळ सगळं पोटावर गेलं.

याचं कारण मला नंतर समजलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. युडकिन यांच्या अंगात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. उंचीच्या मानाने वजन सारखंच, पण एकाच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी ठेवण घरोघरी दिसते. त्यामुळे वजनकाट्यावर बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी वजनासोबत बेंबीवरून कंबर मोजा. दंड, छाती, मांडी मोजा. पुढून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढा. पोट सुटलेलं असेल तर नवख्या माणसाने वजन वाढवायच्या मागे लागू नये. पहिले सहा-आठ महिने वजन तेवढंच ठेवून प्रोटीन आणि व्यायाम वाढवला तरी चरबी उतरते आणि स्नायू भरतात. ही सवलत नवख्यांनाच मिळते, पुढे ती हळूहळू संपते.

आणि कमी वजनाची लाज वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पदक घेऊन आले, ते 57 किलो वजनी गटात. मी ज्या वजनाला रडत होतो, जवळपास त्याच वजनात.

2. वर्षाचा आकडा आधी ठरवा

या लेखातला सर्वांत कामाचा भाग हाच, त्यामुळे इथे घाई करू नका.

व्यायाम, खाणं आणि झोप तिन्ही नीट असेल तर नवख्या पुरुषाला पहिल्या वर्षी महिन्याला साधारण अर्धा ते एक किलो स्नायू मिळू शकतो. एक किलो म्हणजे अगदी वरची पायरी, तरुण वय आणि चांगली ठेवण असेल तर. बहुतेकांनी अर्धा धरावा. दुसऱ्या वर्षी हा वेग निम्म्यावर येतो, तिसऱ्या वर्षी पुन्हा निम्म्यावर. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर अख्ख्या वर्षात एखादा किलो मिळाला तरी ते चांगलं वर्ष. बायकांसाठी किलोतले आकडे साधारण निम्मे धरा. त्यामुळे "वजन उचललं की पुरुषासारखी दिसेन" ही भीती मनातून काढून टाका.

माझ्या वहीतून: नव्याने सुरुवात केली तेव्हा वजन 59. पहिल्या वर्षअखेर 63.5. दुसऱ्या वर्षअखेर 65.5. तिसऱ्या वर्षअखेर 66.5. त्यानंतरच्या चार वर्षांत काट्यावर अर्धाच किलो वाढला. कंबर मात्र कमी झाली आणि उचलायचं वजन वाढत राहिलं.

शेवटची मर्यादा किती, हेही जवळपास काढता येतं. अंगातली चरबी वजा करून उरलेलं वजन किलोत घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. या आकड्याला एफएफएमआय म्हणतात. 1995 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्टेरॉइड (स्नायू वाढवायला घेतात ती हार्मोनची औषधं) घेणारे आणि न घेणारे अशा दीडशेहून जास्त खेळाडूंची मोजमापं ताडून पाहिली. न घेणाऱ्यांचा आकडा साधारण 25 पाशी थांबत होता, घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्या पुढे गेले होते. 25 ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. क्वचित एखादा त्याच्या वर असतो आणि चरबी मोजण्यातही चूक होते. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

माझं उदाहरण घ्या. वजन 67, चरबी अंदाजे 15 टक्के, म्हणजे उरलं सुमारे 57 किलो. उंचीचा वर्ग 2.89. भागाकार 19.7. मी सुरुवात केली तेव्हा हाच आकडा 16 च्या आसपास होता. सात वर्षांच्या नियमित मेहनतीनंतर मी 20 च्या आतच आहे. शर्टात व्यायाम करणारा माणूस वाटतो, शर्ट काढला की तर नक्कीच वाटतो. पोस्टरवरचा माणूस मात्र मी नाही, आणि नैसर्गिकरीत्या मी तो होणारही नव्हतो.

3. भिंतीवरचा फोटो नीट वाचायला शिका

फोटोतला माणूस बहुधा शूटच्या दिवशी जेमतेम पाणी पिऊन, आधी वजन मारून पंप आणून (म्हणजे स्नायूंत रक्त भरून ते फुगवून), वरून पडणाऱ्या उजेडात उभा असतो. हा सगळा तासाभराचा खेळ असतो. याची खात्री तुम्ही स्वतः करून घेऊ शकता. सकाळी उठल्या उठल्या खिडकीसमोर फोटो काढा. संध्याकाळी व्यायाम संपताच जिममधल्या दिव्याखाली काढा. एकाच दिवसाचे दोन फोटो शेजारी ठेवले की दोन वर्षांचा फरक वाटतो. मी हे केलं त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या फोटोंनी माझा मूड जाणं बंद झालं.

नैसर्गिक शरीर कसं दिसतं हे बघायचं असेल तर जुने फोटो बघा. युजेन सँडो हा त्या काळचा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू, जन्म 1867 चा. तो जगभर शरीराचे प्रयोग करत हिंडला, 1905 च्या सुमारास भारतातही येऊन गेला. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन, पहिल्यांदा बनलं 1935 मध्ये, म्हणजे सँडो गेल्यानंतर दहा वर्षांनी. त्या काळातली जगातली सर्वांत नावाजलेली बॉडी आजच्या पोस्टरशेजारी ठेवून बघा. खांदे, मान, छातीची जाडी यांतला फरक चटकन दिसेल.

शिवाय काही गोष्टी आईबापांकडून येतात. बायसेपचा उंचवटा टोकदार की सपाट, पोटावर चार चौकोन की सहा, पोटरी खाली उतरते की वरच संपते, खांद्याचं हाड किती रुंद, हे कुठल्याही व्यायामाने बदलत नाही. माझ्या पोटऱ्या सात वर्षांत जेमतेम पाऊण इंच वाढल्या.

4. ताटातलं प्रोटीन मोजा

आपलं नेहमीचं जेवण म्हणजे वरण, भात, दोन पोळ्या, एक फळभाजी. यात प्रोटीन 15 ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन वेळा जेवलं तर 30. स्नायू वाढवायचे असतील तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम रोज लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. हा फरक नुसता "भरपूर जेवून" भरत नाही. तसं केलं की पोट वाढतं, माझं वाढलं तसं.

माझा साधा दिवस असा असतो:

- 4 अंडी: 24 ग्रॅम
- अर्धा लिटर दूध, किंवा त्याचं दही-ताक: 16
- मटकी किंवा मूग, 50 ग्रॅम कोरडे मोजून मोड आणलेले, त्याची उसळ: 12
- दिवसभरात दोन ज्वारीच्या भाकरी: 10
- आमटी, 30 ग्रॅम डाळीची: 7
- 50 ग्रॅम सोयाबीन वड्या, रश्श्यात किंवा पुलावात: 26
- मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, मिळून 50 ग्रॅम: 11

बेरीज 106 ग्रॅम. चिकन-मासे खात असाल तर काम आणखी सोपं. 150 ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये 33 ग्रॅमच्या आसपास मिळतं. अंडी चालत नसतील तर 100 ग्रॅम पनीर म्हणजे साधारण 18 ग्रॅम, पण त्यात फॅटही तेवढंच असतं हे लक्षात ठेवा. सोयाबीनने पुरुषाच्या हार्मोनचं काही बिघडत नाही. रोज 50 ग्रॅम वड्या बिनधास्त खा.

घरात स्वयंपाक करणाऱ्याला विश्वासात घ्या. माझ्या आईला "प्रोटीन" म्हटलं की पावडरच आठवायची आणि काळजी वाटायची. उसळ थोडी जास्त कर आणि भात एक वाटी कमी वाढ, एवढंच सांगितलं तेव्हा तिची काळजी मिटली.

वजन वाढवायचं असेल तर रोजच्या गरजेपेक्षा 250-300 कॅलरी जास्त पुरतात. एक केळं आणि एक पेला दूध, बास.

5. व्यायाम: साधा ठेवा, लिहून ठेवा

यावर लिहायला लोकांकडे हजार पानं असतात. नवख्याला इतकंच पुरतं:

- आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पूर्ण अंगाचा व्यायाम. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), बेंच प्रेस किंवा जोर, रोइंग किंवा पुल-अप, डेडलिफ्टचा (जमिनीवरून वजन उचलण्याचा) एखादा प्रकार, डोक्यावर डंबेल ढकलणं. दंडासाठी दोन सेट (सेट म्हणजे न थांबता केलेली एक खेप) शेवटी.
- प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला 10 च्या आसपास सेट, सेटमध्ये 6 ते 15 रेप (एक रेप म्हणजे वजन एकदा उचलून खाली आणणं). आणखी दोनच रेप निघतील असं वाटलं की थांबा.
- ठरवलेल्या सगळ्या रेप निघाल्या की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवा. किती वाढवलं ते वहीत लिहा.
- झोप सात-आठ तास. शिफ्टची नोकरी असेल तर व्यायामाचा एक दिवस कमी करा, पण झोप कमी करू नका.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उचलायचं वजन झपाट्याने वाढेल आणि अंग मात्र तसंच दिसेल. बरेच जण इथेच सोडतात. या दिवसांत मेंदू आणि मज्जातंतू आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकत असतात, आकार त्यामागून येतो. कपड्यांत फरक जाणवायला मला चार महिने लागले, ऑफिसात कुणीतरी विचारायला नऊ.

6. डब्यांवरचा खर्च

व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलंच प्रोटीन. एका स्कूपमध्ये साधारण 24 ग्रॅम असतं. वर दिलेल्या ताटातून आकडा पुरा होत असेल तर त्याची गरज नाही, होत नसेल तर सोय म्हणून घ्या. डब्यावर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का ते बघा आणि सुटी पावडर पिशवीतून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकद वाढवायला घेतात ती पावडर. रोज 3 ते 5 ग्रॅम, याचा उपयोग खरा आहे. सुरुवातीला वजन किलोभर वाढतं ते पाणी असतं, स्नायू समजून आनंदू नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा. किडनीचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

मास गेनरमध्ये (वजन वाढवायच्या पावडरीत) बहुतांश साखर आणि स्टार्च असतो. "टेस्टोस्टेरॉन बूस्टर", फॅट बर्नर, अमिनोच्या गोळ्या, हे सगळं सोडून द्या. त्या पैशांत वर्षाची अंडी येतात.

7. "एक कोर्स मारून बघ" म्हणणारा भेटेल

नक्की भेटेल. कोर्स म्हणजे काही आठवडे स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेणं. मला असा माणूस दुसऱ्याच वर्षी भेटला. व्यायाम झाल्यावर ट्रेनरने लॉकरच्या कोपऱ्यात बोलावलं, खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली आणि म्हणाला, "नॅचरल राहून कुणाचं काय झालंय? आठ आठवड्यांत शर्ट बसणार नाही." बाटलीवरचं लेबल अर्धं खरवडलेलं होतं. मी हातात घेतली होती. पन्नास किलोंचा बार उचलताना भरून न येणारे हात त्या वेळी थरथरत होते, एवढा मोह झाला होता. मी घरी आलो आणि पुन्हा त्या जिममध्ये गेलो नाही.

त्याचं एक म्हणणं खरं होतं, ते लपवत नाही: औषध काम करतं. 1996 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या प्रयोगात काही पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. व्यायाम न करता नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांचं चरबी सोडून इतर वजन सरासरी तीन किलोंवर वाढलं. इंजेक्शनशिवाय व्यायाम करणाऱ्यांचं सुमारे दोन किलो. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. म्हणून कोर्स घेतलेल्या माणसाचं वेळापत्रक, त्याचा आहार, त्याचा वेग यांतलं काहीही आपल्याला लागू पडत नाही. तो आळशी आहे असं नाही, त्याचं गणितच वेगळं आहे.

त्याची किंमत अशी: बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषण आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, काहींना मूल होण्यात अडचण येते. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी लिव्हर बिघडतं. कोर्स थांबवल्यावर येणारी उदासी वेगळीच, तिच्याबद्दल कोपऱ्यात बोलावणारा कधी बोलत नाही.

दुसरा सापळा मेफेंटरमाइनचा. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन वापरतात. आपल्याकडच्या काही जिममध्ये पोरं ते "दम लागू नये" म्हणून टोचतात. त्याने स्नायू वाढत नाही. हृदयावर ताण येतो आणि सवय लागते. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. ती लॉकरच्या कोपऱ्यात मिळतात तेव्हा आत खरोखर काय भरलंय हेही कळायला मार्ग नसतो.

तुमच्यापैकी कुणी आधीच घेत असेल तर लाजून एकट्याने बंद करू नका. एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा आणि काय घेतलं ते खरं सांगा.

8. महिन्याला मोजा, आरशाला रोज विचारू नका

वजन आठवड्यातून तीनदा सकाळी घ्या आणि सरासरी लिहा. मीठ, पाणी, पोट साफ होणं यांनी एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. मोजपट्टी महिन्यातून एकदा, व्यायामाआधी. फोटो तीन महिन्यांनी, त्याच खिडकीत.

माझं सर्वांत खरं मोजमाप मात्र गावच्या टेलरकाकांच्या वहीत निघालं. लग्नासाठी शर्ट शिवायला गेलो. त्यांनी खांद्यावर पट्टी धरली, थांबले, पुन्हा धरली. मग मागच्या फळीवरून जुनी वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटली. कॉलेजातल्या शर्टाच्या ओळीत लिहिलं होतं: खांदा 16¾, छाती 35. त्यांनी खाली नवी ओळ लिहिली: खांदा 18, छाती 39½. "आधीचंच माप धरून कापणार होतो रे," म्हणाले. तुमचा जुना शर्ट किंवा जुनं माप कुठे असेल तर जपून ठेवा.

9. खंड पडेल, त्याची तयारी ठेवा

परीक्षा, बदली, घरातलं आजारपण, लग्नसराई. वर्षातले बारा महिने सारखे जात नाहीत. एकदा कमावलेला स्नायू खंडात उतरतो, पण परत येताना पहिल्यापेक्षा खूप लवकर येतो. मला चिकनगुनिया झाला तेव्हा पाच आठवड्यांत चार किलो गेले आणि बोटांची मूठही वळत नव्हती. दोन वर्षांत भरलेलं ते वजन दहा आठवड्यांत परत आलं.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात वहीतल्या शेवटच्या आकड्याच्या निम्मं वजन लावा, दुसऱ्या आठवड्यात पाऊण. मी पहिल्याच दिवशी जुनं वजन लावलं आणि उजवा खांदा पुढचे तीन आठवडे वर उचलता येत नव्हता.